फ्लॉरेन्सचा उन्हाळा: तीन रात्री, दोन पूर्ण दिवस आणि दुपारची सक्तीची विश्रांती

जून ते ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्सला जाणाऱ्या बहुतेकांचा दिवस एकाच रीतीने बिघडतो. सकाळी निवांत नाश्ता होतो, साडेदहाला बाहेर पडायचं, अकरा ते तीन रांगांत आणि दगडी चौकांत काढायचे, चार वाजता डोकं धरून हॉटेलवर परतायचं. मग संध्याकाळी सातला शहर मोकळं आणि सुसह्य होतं, तेव्हा अंगात त्राण नसतं.

नागपूर-जळगावचा उन्हाळा काढलेल्या माणसाला ३६ अंशांचं काय वाटणार, असं म्हणून हा मुद्दा बाजूला सारू नये. फ्लॉरेन्स टेकड्यांच्या खोलगटात, आर्नो नदीकाठी आहे. वारा पडलेला असतो आणि हवेत दमटपणा असतो. जुन्या शहरात झाडं जवळपास नाहीत, आणि दिवसभर तापलेला दगड रात्री दहापर्यंत ऊब सोडत राहतो. छताला पंखे नसतात. जूनअखेरीला सूर्य सकाळी साडेपाचच्या सुमाराला उगवतो आणि रात्री नऊला मावळतो, म्हणजे ऊन पंधरा तासांहून जास्त. आपल्याकडे माणूस उन्हाळ्यात दुपारी बाराला चालत नाही. इथे मात्र सहलीला आलो म्हणून चालतो, आणि तिथेच चुकतो.

म्हणून पुढची सगळी आखणी एका गोष्टीवर उभी आहे: दिवसाचे दोन तुकडे करायचे. सकाळी सात ते साडेबारा हा पहिला आणि संध्याकाळी पाच ते रात्री साडेदहा हा दुसरा. मधले चार-साडेचार तास खोलीत, पडदे ओढून. हे वेळ वाया घालवणं नाही. जुनं शहर इतकं आटोपशीर आहे (स्टेशनपासून दुओमो म्हणजे मुख्य कॅथेड्रल दहा मिनिटं, तिथून पोन्ते वेक्यो पूल आणखी दहा मिनिटं) की उरलेल्या दहा-अकरा तासांत भरपूर पाहून होतं.

वार आधी ठरवा, विमान नंतर

उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही मुख्य संग्रहालयं सोमवारी बंद असतात. रविवारी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असल्याने पर्यटकांना आत सोडत नाहीत. पलात्सो वेक्यो, म्हणजे जुनं नगरभवन, गुरुवारी दुपारी लवकर बंद होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. ऐकायला छान, पण त्या दिवशी आरक्षण नसतं आणि उन्हात रांग असते. पैसे वाचवणं हाच मुख्य हेतू नसेल तर तो रविवार टाळावा.

या सगळ्याचा हिशेब केला तर मंगळवारी संध्याकाळी पोहोचून शुक्रवारी सकाळी निघणं सर्वांत सोयीचं. बुधवार आणि गुरुवार पूर्ण हातात येतात.

दोन तारखा लक्षात ठेवा. २४ जून हा शहराच्या पालक संताचा, सान जोव्हान्नीचा दिवस. साँता क्रोचे चर्चच्या चौकात वाळू पसरून ‘काल्चो स्तोरिको’ हा जुना, मारामारीकडे झुकलेला फुटबॉल खेळला जातो आणि रात्री आतषबाजी होते. मजा येते, पण खोल्या महाग होतात आणि घुमट, कॅथेड्रल यांच्या वेळा बदलतात किंवा ते बंद राहतात. दुसरी तारीख १५ ऑगस्ट, ‘फेर्रागोस्तो’. तिच्या मागचा-पुढचा आठवडा घरगुती खाणावळी बंद असतात. दारावर ‘क्युझो पेर फेरिए’ लिहिलेलं दिसलं की समजा, मालक समुद्रकिनारी गेला आहे. तारखा हातात असतील तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा थेट सप्टेंबर घ्या. जुलैचा उत्तरार्ध सर्वांत वाईट.

व्हिसा

भारतातून जाणाऱ्यांनी शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक) व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो हे लक्षात घ्यावं. उन्हाळ्याच्या भेटीच्या वेळा एप्रिल-मेमध्ये मिळेनाशा होतात, त्यामुळे निदान तीन महिने आधी लागावं. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. इटलीत दोन आणि फ्रान्समध्ये सहा रात्री असतील तर अर्ज फ्रान्सकडे. निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला विमा सक्तीचा आहे. प्रौढांचं शुल्क २०२४च्या जूनपासून ९० युरो आहे, अर्ज-केंद्राचं शुल्क वेगळं.

काय आधी बुक करायचं, कोणत्या क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे, कारण सगळ्यात आधी संपतो तो दुओमोचा घुमट.

एक: घुमटाची चढाई. कॅथेड्रलच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘ब्रुनेलेस्की पास’ मिळतो, साधारण ३० युरोला. घुमट, घंटामनोरा, बॅप्टिस्ट्री (बाप्तिस्म्यासाठीची वेगळी इमारत) आणि दुओमोचं संग्रहालय, सगळं त्यात येतं आणि तीन दिवस चालतं. घुमटासाठी मात्र तारीख आणि वेळ खरेदी करतानाच ठरते आणि नंतर बदलता येत नाही. उन्हाळ्यात दीड-दोन महिने आधी घ्या आणि सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ निवडा. दुपारी दोनची वेळ शिल्लक दिसली तर ती का शिल्लक आहे हे ओळखा.

दोन: उफिझी. २५ युरो आणि आरक्षणाचे ४ युरो वेगळे. सकाळी सव्वाआठला दार उघडतं. अगदी सकाळी आत जाणाऱ्यांना सवलतीचं तिकीट असतं, तेही तपासा.

तीन: अकादेमिया, म्हणजे मायकेलअँजेलोचा डेव्हिड. इथे संध्याकाळची वेळ घ्या, सव्वापाचच्या आसपासची. सहलींचे मोठे गट तोवर पांगलेले असतात.

सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, ती कोणत्याही देशाची असोत. पण वेळेचं आरक्षण त्यांच्याही नावाने करावं लागतं. सगळ्यांचे पासपोर्ट जवळ ठेवा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे शोधयादीत वर आलेल्या पहिल्या दुव्यावर जाऊन तिकीट घेणं. नाव अधिकृत वाटावं अशी कितीतरी संकेतस्थळं तेच तिकीट दीडपट-दुप्पट किमतीला विकतात. ‘रांग टाळा’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं असेल आणि किंमत ४५ युरो असेल तर थांबा. अधिकृत आरक्षणानेही रांग टळतेच. आणि आरक्षण असलं तरी सुरक्षा तपासणीची रांग कोणालाच चुकत नाही, तिला पंधरा-वीस मिनिटं धरा.

अधिकृत दराने ही तीन तिकिटं माणशी साधारण ८० युरोंना पडतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर आठ हजार रुपये. बाकीचं बरंचसं शहर फुकट आहे.

खोली निवडताना

वातानुकूलन आहे का, हे गृहीत धरू नका. जुन्या इमारतींत ते नसतं, किंवा ठरावीक तासच चालतं. लिफ्ट आहे का, तेही विचारा. ‘दुसरा मजला’ म्हणजे उंच छतांच्या वाड्यात आपल्याकडच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्याइतकं चढणं, आणि ते तीस किलोची बॅग घेऊन. खिडकी रस्त्याकडे की आतल्या चौकाकडे, हा तिसरा प्रश्न. आतल्या चौकाकडची खोली थंड आणि शांत असते.

दोन-तीन रात्रींसाठी सांता मारिया नोवेल्ला स्टेशनजवळचा भाग दिसायला यथातथाच, पण सोयीचा. सान मार्को परिसर शांत आहे, अकादेमिया शेजारी आणि ट्राम दाराशी. नदीपलीकडचा ओल्त्रार्नो सुंदर. पण सान्तो स्पिरितो चौकालगत उन्हाळ्यात रात्री एकपर्यंत गलका असतो, त्यामुळे झोप सावध असणाऱ्यांनी थोडं दूर, सान निक्कोलोकडे पाहावं.

दाखवलेल्या भाड्यावर शहराचा पर्यटक-कर वेगळा द्यावा लागतो. माणशी, दर रात्री, हॉटेलच्या दर्जानुसार साधारण साडेतीन ते आठ युरो. बारा वर्षांखालच्यांना माफ. अनेक ठिकाणी तो रोख मागतात.

भारतीयांना डास नवे नाहीत, पण इथल्या खिडक्यांना जाळ्या क्वचितच असतात आणि आर्नोकाठचा पट्टेरी डास दिवसाही चावतो. मलम घरूनच न्या.

पोहोचणं

भारतातून येताना रोम किंवा मिलानला उतरून वेगवान रेल्वेने येणं सरळ पडतं. रोमहून सुमारे दीड तास, मिलानहून दोन तासांच्या आत, व्हेनिसहून दोन तासांपेक्षा थोडं जास्त. तिकीट दोन महिने आधी घेतलं तर आदल्या दिवशीच्या निम्म्या किमतीत मिळू शकतं. स्टेशनचं नाव ‘फिरेन्झे एस. एम. एन.’ (म्हणजे फ्लॉरेन्स सांता मारिया नोवेल्ला) असं असलेलंच निवडा. काही गाड्या ‘कांपो दि मार्ते’ किंवा ‘रिफ्रेदी’ला थांबतात, तीही फ्लॉरेन्सचीच स्टेशनं, पण जुन्या शहरापासून लांब.

वेगवान गाडीत आसन ठरलेलं असतं. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट मात्र चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावं लागतं, आणि मोबाइलवरच्या तिकिटाचं ‘चेक-इन’ करावं लागतं. ते राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो, आणि ‘माहीत नव्हतं’ ही सबब तपासनीस रोज ऐकतो. स्टेशनच्या तिकीट यंत्राजवळ मदतीला धावून येणारी व्यक्ती रेल्वेची कर्मचारी नसते. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

फ्लॉरेन्सच्या पेरेतोला विमानतळावर उतरलात तर टी-२ ट्राम वीस-बावीस मिनिटांत स्टेशनपाशी आणि पुढे सान मार्कोपर्यंत नेते. तिकीट पावणेदोन युरोच्या आसपास, नव्वद मिनिटं चालतं. डब्यातल्या यंत्राला बँकेचं कार्ड टेकवलं तरी पुरतं.

भाड्याची गाडी घेऊन शहरात शिरू नका. जुन्या शहराभोवती मर्यादित वाहतुकीचा पट्टा आहे, ‘झेड. टी. एल.’ अशी पाटी असते आणि कॅमेरे असतात. कोणी अडवत नाही, म्हणून चूक कळतच नाही. काही महिन्यांनी गाडी देणारी कंपनी कार्डावरून प्रशासकीय शुल्क कापते आणि मग दंडाचं पत्र घरी येतं. पट्ट्यात तीनदा शिरलात तर तीन दंड. उन्हाळ्यात आठवड्याअखेरच्या रात्रीही हा पट्टा लागू असतो. भोवतालच्या तोस्काना प्रांतातल्या खेड्यांत फिरण्यासाठी गाडी हवीच असेल तर फ्लॉरेन्स सोडताना घ्या, आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या.

मंगळवार संध्याकाळ: फक्त चालणं

पहिल्या संध्याकाळी कुठेही तिकीट काढू नका. सहानंतर दुओमोला बाहेरून फेरी मारा. दर्शनी भाग १८८७ साली पुरा झालेला आहे, म्हणजे घुमटापेक्षा साडेचारशे वर्षांनी तरुण. अनेकांना तो मध्ययुगीन वाटतो. समोरच्या बॅप्टिस्ट्रीचे सोनेरी दरवाजे प्रतिकृती आहेत. गिबेर्तीने १४२५ ते १४५२ या काळात घडवलेले मूळ दरवाजे संग्रहालयात आहेत आणि ते उद्या पाहायचे आहेत, त्यामुळे इथे गर्दीत कोपरं मारत बसू नका.

तिथून पियात्सा देल्ला सिन्योरिया हा चौक. उघड्यावरचा डेव्हिड ही १९१० साली बसवलेली प्रत. मूळ पुतळा १५०४ पासून इथेच उभा होता, १८७३ साली तो आत हलवला. शेजारच्या कमानीखाली चेल्लिनीचा पर्सियस आहे, मेड्यूसाचं मुंडकं हातात धरलेला, आणि तो पाहायला एक पैसाही लागत नाही. चौकात जमिनीवर एक गोल दगड आहे. २३ मे १४९८ रोजी साव्होनारोला या बंडखोर धर्मोपदेशकाला इथे जाळलं. नेपच्यूनच्या कारंज्याजवळ पालिकेचा पाण्याचा नळ आहे, थंड साधं आणि बुडबुड्यांचं पाणी फुकट. बाटली भरून घ्या. पुढचे दोन दिवस हा नळ तुमचे दहा-बारा युरो वाचवेल.

सूर्यास्ताला पोन्ते वेक्योवर जाऊ नका, त्याच्या पश्चिमेच्या सांता त्रिनिता पुलावर जा. पोन्ते वेक्यो (१३४५) दिसतो तो इथूनच. त्यावर पूर्वी खाटकांची दुकानं होती, १५९३ मध्ये ग्रँड ड्यूक फर्दिनांदोने ती उठवून सोनारांना जागा दिली. आजही सोनारच आहेत. भाव पर्यटकांचे.

बुधवार: घुमट सकाळी, डेव्हिड संध्याकाळी

सातला बाहेर पडा. बारमध्ये उभ्यानेच कॉफी घ्या. तीच कॉफी चौकातल्या टेबलावर बसून प्यायलात तर तीन-चारपट पैसे पडतात, आणि त्यात फसवणूक नाही; दर दोन असतात आणि ते लिहिलेले असतात.

घुमटाचं दार कॅथेड्रलच्या उत्तर बाजूला आहे. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या नेऊ देत नाहीत, त्या आधी जवळच्या सामानघरात ठेवाव्या लागतात; हे ऐनवेळी कळलं तर वेळ हुकते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही हा नियम आहे. पातळ ओढणी किंवा उपरणं जवळ असलं की इटलीतल्या सगळ्या चर्चांचा प्रश्न सुटतो.

पायऱ्या ४६३. लिफ्ट नाही, मध्येच मागे फिरणं अवघड. जिना अरुंद आणि गोल आहे. हृदयविकार, दमा, गुडघेदुखी किंवा बंदिस्त जागेची भीती असणाऱ्यांनी मोह आवरावा. बाकीच्यांनी सावकाश चढावं, साधारण पाऊण ते एक तास धरावा.

चढताना काय पाहायचं हे माहीत असेल तर दमछाक कारणी लागते. सुमारे ४५ मीटर रुंदीची ही पोकळी १४२० ते १४३६ मध्ये झाकली गेली, तीही खालून लाकडी सांगाड्याचा टेकू न देता. इतक्या उंचीचा सांगाडा उभारायला पुरेसं लाकूडच मिळालं नसतं. ब्रुनेलेस्कीने दोन घुमट बांधले, एकात एक, आणि तुम्ही चढता तो जिना त्या दोन कवचांच्या मधून जातो. भिंतीच्या विटांकडे बघा: आडव्या विटांच्या ओळीत ठरावीक अंतरावर एक वीट उभी, आणि या उभ्या विटांच्या तिरक्या रेषा वर वर चढत गेलेल्या. त्या उभ्या विटा चुना ओला असताना आडव्या विटांना आत घसरू देत नव्हत्या. प्रत्येक थर गोल पुरा झाला की तो स्वतःच स्वतःला पेलायचा. अर्ध्या वाटेवर आतल्या सज्जातून वासारी आणि झुक्कारीचं ‘अंतिम न्याय’ हे भित्तिचित्र हातभर अंतरावर येतं. इथे लोक फोटोसाठी थांबतात आणि मागची रांग तुंबते. उजव्या हाताला सरकून पाहत चला. शेवटचा टप्पा घुमटाच्या पाठीवरून जवळजवळ शिडीसारखा आहे.

उतरल्यावर लगेच कॅथेड्रलच्या रांगेत उभे राहू नका. आतून ते तुलनेने रिकामं आहे, आणि जे पाहण्याजोगं आहे ते घुमटातून दिसलेलंच आहे. त्याऐवजी मागच्या बाजूचं दुओमोचं संग्रहालय घ्या. पासमध्ये ते आहे, वातानुकूलित आहे, आणि आश्चर्य म्हणजे गर्दी नसते. गिबेर्तीचे मूळ दरवाजे, दोनातेल्लोची लाकडातली मेरी मॅग्दालीन, आणि मायकेलअँजेलोने म्हातारपणी घडवायला घेतलेला, स्वतःच हातोडा घालून मोडलेला पिएता, म्हणजे मृत येशूच्या शोकाचं शिल्प. आमच्या मते उफिझीनंतर शहरातलं सर्वांत मोलाचं ठिकाण हेच. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ते बंद असतं. बॅप्टिस्ट्रीत छताच्या मोझेइकच्या जीर्णोद्धाराचं लांबलेलं काम आहे, त्यामुळे आत परांची दिसतील. पाच मिनिटं पुरतात. ४१४ पायऱ्यांचा घंटामनोरा त्याच दिवशी चढणं हौसेच्याही पलीकडचं आहे.

साडेबाराला सांत’आंब्रोज्यो बाजारात जेवण, तिथून खोली. पाचला अकादेमिया. डेव्हिड ५.१७ मीटर उंच आहे, आणि पुतळ्याभोवती पूर्ण फिरता येतं. उजवा हात आणि डोकं शरीराच्या मानाने मोठं आहे. तो मुळात कॅथेड्रलच्या माथ्यावर, खालून पाहण्यासाठी ठरलेला होता, हे एक कारण सांगितलं जातं. तिथवर जाणाऱ्या दालनातले अर्धवट सुटलेले ‘कैदी’ हे पुतळे घाईत ओलांडू नका. दगडात अडकलेल्या त्या देहांवर छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात. सगळं मिळून सव्वा तास.

सातला नदी ओलांडून सान निक्कोलोकडून पायऱ्यांनी पियात्साले मायकेलअँजेलोला, म्हणजे सगळं शहर दिसणाऱ्या टेकडीवरच्या चौकात, चढा. दमला असाल तर स्टेशनकडून १२ क्रमांकाची बस. तिथे गर्दी, गाणी आणि विक्रेते असतात. आणखी दहा मिनिटं वर गेलात तर सान मिनियातो अल मोन्ते हे अकराव्या शतकातलं, पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचं चर्च आहे. दृश्य तेच, माणसं दहा टक्के. चर्च संध्याकाळी सातच्या सुमाराला बंद होतं, आतून पाहायचं असेल तर थोडं लवकर निघा. तिथले भिक्षू संध्याकाळी जुन्या पद्धतीची स्तोत्रं गातात.

गुरुवार: उफिझी, आणि नदीपलीकडे

सव्वाआठची वेळ. अर्धा लिटरपेक्षा मोठी पाण्याची बाटली आणि मोठी पिशवी नेऊ नका. आरक्षणाच्या पुष्टीपत्रात तिकीट कुठल्या दारावर घ्यायचं ते लिहिलेलं असतं. लोक ते वाचत नाहीत आणि चुकीच्या रांगेत अर्धा तास घालवतात.

इमारत वासारीने १५६० साली सुरू केली ती कचेऱ्यांसाठी, त्यामुळे मांडणी लांबच लांब ओसऱ्यांची आहे. पाहणं वरच्या मजल्यावरून सुरू होतं. सगळं पाहायचं ठरवलं तर दुसऱ्या तासाला डोळे थकतात आणि त्यानंतर काहीच दिसत नाही. तीन तासांत हे एवढंच पाहा: सुरुवातीला चिमाबुए, दुच्चो आणि जॉत्तो यांच्या तीन मोठ्या मॅडोना (मेरी आणि बाळ येशूची चित्रं) एकाच दालनात (एकाच विषयात तीस वर्षांत माणसाचं अंग कसं जड, खरं होत गेलं ते इथे दिसतं); मग बोत्तिचेल्लीची दालनं; लिओनार्दोचं ‘शुभवार्ता’; मायकेलअँजेलोचं गोल चित्र; दक्षिणेच्या ओसरीतून पोन्ते वेक्योचं दृश्य; आणि खालच्या मजल्यावर तिशियन व कारावाज्जो. बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनस’समोर पहिल्या अर्ध्या तासात माणसं कमी असतात, म्हणून सव्वाआठला शिरल्याबरोबर थेट तिथे जाऊन मग मागे फिरलात तरी चालेल. उफिझी ते पित्ती राजवाडा असा नदीवरून जाणारा वासारीचा बंद मार्ग डिसेंबर २०२४ पासून पुन्हा उघडला आहे. त्याचं वेगळं, महागडं तिकीट लागतं. पहिल्या भेटीत तो सोडला तर काही बिघडत नाही.

बाराला पोन्ते वेक्यो ओलांडून ओल्त्रार्नोत जेवण. दुपारी विश्रांती. संध्याकाळसाठी दोन पर्याय. उकाडा असह्य असेल तर ७ क्रमांकाच्या बसने फ्येसोले गाव. अर्ध्या तासात टेकडीवर पोहोचता, हवा हलकी होते, आणि रोमन काळातलं उघडं नाट्यगृह आहे.

दुसरा पर्याय कोल्हापूरशी नातं असणाऱ्यांसाठी. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडचा दौरा करून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी इथेच वारले. वय जेमतेम विशीचं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. इथे दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभारली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. जवळच्या १९७८च्या पुलाला याच स्मारकावरून ‘पोन्ते आल्ल’इन्दियानो’ म्हणतात. जागा काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे: टी-१ ट्रामने काशिनेला उतरा आणि झाडांच्या सावलीतून पाऊण तास चाला, किंवा सायकल घ्या. उद्यानात अंधारानंतर रेंगाळू नये, त्यामुळे सहाला निघून उजेड असतानाच परता.

खाणं, विशेषतः शाकाहारी

तोस्कानाचं स्वयंपाकघर शेतकऱ्याचं आहे, त्यामुळे शाकाहाऱ्यांचं चांगलं चालतं, फक्त विचारायला लाजू नका. उन्हाळ्यात ‘पान्झानेल्ला’ मागा: शिळा पाव भिजवून पिळून त्यात टोमॅटो, काकडी, कांदा, तुळशीच्या जातीची बेझिलची पानं आणि ऑलिव्ह तेल. ‘पाप्पा आल पोमोदोरो’ म्हणजे पाव शिजवून केलेला टोमॅटोचा दाट लगदा, तो कोमटही देतात. भोपळ्याच्या फुलांची भजी ‘फ्योरि फ्रित्ती’. आत अँचोव्ही मासा नाही ना, ते विचारा. इथल्या पावात मीठ नसतं, तो बिघडलेला नाही.

अडचणीच्या जागा या: सूपचं पाणी मांसाचं असू शकतं. ‘स्कियाच्चाता’ या चपट्या पावात कुठे कुठे डुकराची चरबी (‘स्त्रुत्तो’) घालतात. पार्मेजानो चीज वासराच्या जठरातल्या विकराने विरजतात, बेझिलच्या पेस्तो चटणीतही ते असतं. गोडात तिरामिसूत कच्चं अंडं, पान्ना कोत्तात जिलेटिन. ‘बिस्तेक्का’ आणि गाड्यावर मिळणारं ‘लांप्रेदोत्तो’ हे दोन्ही गोमांस.

बोलायला एवढं पुरतं: ‘सोनो वेजेतारियानो’ (स्त्रियांनी ‘वेजेतारियाना’), ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ म्हणजे मांस-मासे नकोत, ‘सेन्त्सा उओवा’ म्हणजे अंडं नको. ‘वेजेतारियानो’ म्हटल्यावर अंडं चालतं असंच गृहीत धरतात.

रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही. सहाला उघडी दिसणारी जागा पर्यटकांसाठीच असते. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो येतात, ते पाव आणि टेबलाचं शुल्क, टीप नव्हे. टीप दिलीच पाहिजे असं नाही.

जेलातो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, घेताना रंग बघा. पिस्ता भडक हिरवा आणि डोंगरासारखा रचलेला असेल तर पुढे जा. खरा पिस्ता मळकट हिरवट-तपकिरी असतो. धातूच्या झाकणांखाली ठेवलेलं जेलातो बहुधा बरं. फळांचे प्रकार पुष्कळदा दुधाशिवाय असतात, पण विचारून घ्या.

रस्त्यावर

चौकात जमिनीवर चित्रं पसरलेली दिसली तर वळसा घाला. पाय पडला की ‘नुकसानभरपाई’ मागणारे हजर होतात. मनगटात दोरा बांधणाऱ्याला हात देऊ नका. रस्त्यावर नकली नामांकित पर्स विकत घेणाऱ्यालाही इटलीत दंड होतो, तीनशे युरोंपासून वर. चर्चच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका. कातड्याच्या वस्तू सान लोरेन्झोच्या गाड्यांवर स्वस्त दिसतात, पण त्यातल्या पुष्कळ इथे बनलेल्याच नसतात. शिवण आतून पाहा, आणि घ्यायचंच असेल तर ओल्त्रार्नोतल्या कारागिराकडे एकच पट्टा घ्या.

चक्कर, मळमळ, घाम थांबणं, डोकं ठणकणं असं काही झालं तर जवळच्या चर्चमध्ये शिरून बसा, जाड भिंतींमुळे आत गारवा असतो. क्षार-साखरेच्या पुड्या भारतातून न्या. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधालय, आणीबाणीला ११२.

शुक्रवारी निघताना

खोली दहा-अकराला सोडावी लागते. गाडी दुपारची असेल तर सामान हॉटेलवरच ठेवायला सांगा, बहुतेक जण ठेवतात; नाहीतर स्टेशनवर सामानघर आहे. सकाळचे दोन तास साँता क्रोचे चर्चला द्या. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या कबरी एकाच छताखाली आहेत, आणि ४ नोव्हेंबर १९६६च्या महापुरात अर्धंअधिक रंग वाहून गेलेला चिमाबुएचा क्रूसही.

एका दुकानात ७० युरोंहून जास्त खरेदी झाली असेल तर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना कराचा परतावा मिळतो. दुकानातून पासपोर्ट दाखवून अर्ज घ्या, वस्तू न वापरता हाताशी ठेवा, आणि संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर, सामान तपासणीला देण्यापूर्वी, सीमाशुल्काची नोंद करून घ्या. रोमहून थेट निघत असाल तर रोमला. मध्ये फ्रँकफर्टला विमान बदलत असाल आणि वस्तू हातातल्या बॅगेत असेल तर फ्रँकफर्टला.